लाल दिव्याखालची पंचवीस मिनिटं

आवाज येतोय ना नीट? मागं जो घूं... घूं आवाज येतोय, तो तुमच्या हेडफोनचा बिघाड नाही. तो पंखा आहे. त्याला बंद करायचं बटण माझ्याकडं नाही, त्यामुळं आज त्याच्यासकट ऐकून घ्या.

पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मी मांजरसुंब्याचा. बीडहून सोलापूरकडं निघालात की पाली ओलांडल्यावर घाट लागतो, घाट चढून वर आलात की आमचा चौक. एक रस्ता पाटोद्यावरून अहिल्यानगरकडं, एक नेकनूर, केज, अंबाजोगाईकडं, एक चौसाळ्यावरून सोलापूरला. रात्रंदिवस ट्रक. चौकात चहा पिताना मान वर केली की बालाघाटाच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. त्यातल्या एकीच्या खाली पत्र्याची एक खोली आहे. त्या खोलीत संध्याकाळी सात ते सकाळी सात मी असतो. वॉचमन. कंपनीचं नाव घेणार नाही, पोटाचा प्रश्न आहे.

आजचा विषय आहे दीपगृह. हसू नका. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी जवळजवळ तीनशे किलोमीटर लांब आहे आणि मी तो अजून बघितलेला नाही. पण रात्रपाळीत मोबाईलवर माणूस काय काय बघतो ते तुम्हाला माहीतच आहे. एका रात्री दीपगृहाचा व्हिडिओ समोर आला, आणि मला वाटलं, अरे, हे तर आपलंच काम! उंच टॉवर, वर लुकलुकणारा दिवा, खाली एकटा माणूस. तेव्हापासून मी जे सापडेल ते वाचतोय, ऐकतोय.

आपल्याकडचंच घ्या. अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथं किल्ला बांधायला घेतला, आणि मुंबईच्या इंग्रजांना ते इतकं झोंबलं की समुद्रात लढाई झाली. किल्ला आपलाच राहिला. मागच्या वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. पण त्याच बेटावर १८६७ पासून दीपगृहही आहे, हे मला माहीत नव्हतं. किल्ल्याची राखण संपली आणि दिव्याची सुरू झाली. पावसाळ्यात समुद्र खवळला की तिकडं होडी जात नाही. म्हणजे जो वर आहे तो वरच. मुंबईत कुलाब्याच्या टोकापुढं प्राँग्ज म्हणून दीपगृह आहे, १८७५ चं. ते अजून गमतीचं. ओहोटीला खडकावरून चालत जाता येतं, भरती आली की चारी बाजूंनी पाणी.

आता जुन्या काळी या लोकांचं काम काय असायचं? दिव्याभोवतीची काच फिरवायला घड्याळासारखं यंत्र असायचं, साखळीला जड वजन. ते वजन हळूहळू खाली यायचं, आणि ठरावीक वेळानं चावी देऊन परत वर न्यायचं. रात्रभर. झोप लागली की दिवा फिरायचा थांबला. आणि प्रत्येक दीपगृहाचा दिवा वेगळ्या हिशेबानं चमकतो. एखादा दोनदा चमकून थांबतो, एखादा एकदाच. खलाशी मोजतो आणि ओळखतो की हे अमुक ठिकाण, ते तमुक नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमच्या पवनचक्कीच्या दिव्याला अशी काही ओळख नाही. वरचा लाल दिवा विमानांसाठी, इथं उंच काहीतरी आहे एवढंच सांगायला. डोंगरावरचे सगळे दिवे सारखेच लाल. खालून बघणाऱ्यानं त्यावरून काही ओळखावं असं कुणाच्या डोक्यातच नाही.

आणि मला दिव्याशी काही काम नाही. पंख्याशीही नाही. वारा सुटला की वरचं डोकं आपोआप वाऱ्याकडं वळतं, किर्रर्र असा आवाज होतो, पाती फिरायला लागतात. वारा फार झाला की आपोआप थांबतात. हे सगळं लांब कुठंतरी ऑफिसात कॉम्प्युटरवर दिसतं. मग मी कशाला? तर केबल चोरीला जाऊ नये म्हणून. तांबं. एवढ्यासाठी रात्रभर एक माणूस लागतो. एकच.

एक माणूस का नको, याची एक गोष्ट आहे. वेल्सच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात स्मॉल्स नावाचं दीपगृह होतं, लाकडी खांबांवर उभं. १८०१ च्या आसपास तिथं दोन राखणदार होते, हॉवेल आणि ग्रिफिथ. दोघांचं पटत नाही हे गावाला माहीत. त्यातला ग्रिफिथ मेला. आता प्रेत समुद्रात सोडलं तर लोक म्हणणार यानंच मारला. म्हणून हॉवेलनं पेटी केली, प्रेत त्यात घातलं आणि बाहेर बांधून ठेवलं. वादळामुळं होडी येईना. बिचारा दिवा मात्र रोज लावत राहिला. परत आला तेव्हा ओळखू येत नव्हता म्हणतात. त्यानंतर तिकडं एका दीपगृहावर तीन माणसं ठेवायची पद्धत पडली. (फ्लॅनन बेटावरच्या तीन गायब राखणदारांची गोष्ट मी सांगणार नाही. ती सगळेच सांगतात, आणि त्यातलं ते अर्धवट टाकलेलं जेवण नंतर एका कवितेतून आलंय.)

मी सुपरवायझरला ही स्मॉल्सची गोष्ट सांगितली होती. म्हणलं, साहेब, तिकडं दोनशे वर्षांपूर्वी तीन माणसं द्यायला लागले. ते म्हणले, "तिकडं पगार कोण देत होतं ते बघ आधी."

असो. आता त्या रात्रीकडं येतो.

नोव्हेंबर २०२५. कार्तिकी पौर्णिमा पाच तारखेला होती, ही त्याच्या दोन दिवस आधीची रात्र. त्या वर्षीचा पावसाळा आठवत असेल तुम्हाला, सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात शेतं तळी झाली होती. आमचं सोयाबीन गेलं. दिवाळी झाली आणि आई-बाप कोयता घेऊन निघाले. बाहेरच्यांसाठी सांगतो, ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत फडावरच. माझे कोल्हापूरकडं गेले. घराला कुलूप. दिवसा मी चुलत्याकडं झोपायचो, रात्री डोंगरावर. त्यामुळं एकटेपणाचं मला काही फार वाटत नव्हतं, गावातही कोण होतं?

खरं सांगायचं तर भीती होती. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, ते सगळ्या देशानं ऐकलं. आमच्या चौकातून केजकडं निघालं की मस्साजोग लागतं. पण त्या प्रकरणाची सुरुवात लोकांच्या लक्षात नसते. हत्येच्या तीन दिवस आधी तिथल्या पवनचक्की प्रकल्पावर काही लोक घुसले होते, आणि पहिला मार बसला तो वॉचमनला. बातमीत तो एका ओळीत येतो. मी ती ओळ किती वेळा वाचली असंल काय माहीत. त्यानंतर आम्हाला सूचना आल्या: रात्री कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही, आतून कडी, आणि फोन लावायचा. आई रोज रात्री नऊला फोन करून विचारायची, "कडी लावलीस का?"

तर त्या रात्री आभाळ भरून आलेलं, चांदणं असून नसल्यासारखं. वारा पडलेला. नोव्हेंबरात वारा तसाही कमी असतो, पाती नुसती लोंबकळल्यासारखी फिरत होती. अडीच वाजले असतील. बाहेर माझं कुत्रं भुंकायला लागलं. माझं म्हणजे तसं कुणाचंच नाही, भाकरीपुरतं माझं. ते भुंकलं, आणि मग एकदम गप्प झालं. भुंकणं समजतं. गप्प झालं की पोटात गोळा येतो.

मग दारावर थाप.

मी लाईट बंद केली. आता विचार करा, खोलीत लाईट होती हे बाहेरच्याला आधीच दिसलेलं आहे. पण भीतीला अक्कल कुठं असते. लाईट बंद करून मी कॉटवर पाय वर घेऊन बसलो. काठी कोपऱ्यात होती, ती घ्यायलासुद्धा उठलो नाही.

"कोण हाय का? लेकरा, वाट चुकले बा मी."

बाईचा आवाज. म्हातारा. मी काय विचार केला असेल? हाच, की बाईला पुढं करतात आणि मागं चौघं उभे असतात. हे मी व्हॉट्सॲपवर बघितलेलं होतं. सुपरवायझरला फोन लावला, उचलला नाही. परत लावला, नाही. ११२ लावायचा विचार आला, पण काय सांगू? दारात म्हातारी आलीय म्हणून?

ती परत म्हणली, "पाणी तरी दे रे." मग थोड्या वेळानं, "बरं, राहू दे. झोपला असशील. मी इथंच बसते."

आणि ती बसली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मधूनमधून "शिवा शिवा" म्हणायची. पत्र्याच्या खोलीत बाहेरचं सगळं ऐकू येतं. मी दाराच्या आत, ती बाहेर, मध्ये एक पत्रा. मी मोबाईलचा उजेडसुद्धा शर्टाखाली धरलेला.

किती वेळ गेला ते तेव्हा कळलं नाही. शेवटी कुत्र्यामुळं उघडलं. ते बाहेर शेपटी आपटत होतं, पत्र्यावर टप टप टप. ओळखीच्या माणसाजवळ बसल्यावर आपटतं तसं. मी विचार केला, चौघं असते तर हे असं बसलं नसतं. कडी काढली.

सत्तरीच्या पुढची आजी. पांढऱ्यासारखी साडी, पायात चप्पल एकच. कपाळावर भस्माच्या रेघा पुसट झालेल्या. गळ्यात दिंडीचं कार्ड आणि इष्टलिंगाचं वस्त्र. मी एका क्षणात समजलो, कपिलधारची आहे.

कपिलधार आमच्या इथून अगदी जवळ, डोंगराच्या घळीत. मन्मथस्वामींची समाधी आहे तिथं, पावसाळ्यात धबधबा पडतो. कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, लिंगायत समाजाचे लोक मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या घेऊन पायी येतात. लहानपणापासून बघतोय. आम्ही चौकात त्यांना पाणी वाटायचो, शाळेकडून. त्याच दिंडीतली एक बाई माझ्या दारात पाणी मागत होती आणि मी कॉटवर पाय घेऊन बसलो होतो.

आजी भालकीकडची, बीदर जिल्ह्यातली. मराठी बोलायची पण हेल कानडी. गुडघा दुखत होता म्हणून मागं राहिली, पुढच्या लोकांना वाटलं गाडीत बसली असेल, गाडीवाल्यांना वाटलं पुढं गेली असेल. कुणीतरी सांगितलं डोंगरातून जवळ पडतं, ती आत घुसली आणि अंधार पडला. फोन होता, बॅटरी मेलेली.

पाणी दिलं. तांब्या तोंडाला न लावता वरून प्यायली, सगळा. मी विचारलं, "आजी, पण तुम्ही इकडं वर कशाला आलात? खाली रस्त्याला लागायचं."

"रस्ता दिसंना. दिवा दिसला. लाल. म्हणलं, दिवा हाय म्हणजे माणूस असंल."

"आजी, तो दिवा विमानासाठी असतो."

"विमानवाले येतेत का इथं पाणी प्यायला?"

मला हसू आलं. तीही हसली. मग म्हणाली ते ऐकून हसू थांबलं. माझा टॉवर तिचा तिसरा होता. पहिल्या दिव्यापाशी गेली, हाका मारल्या, कुणी नाही. तिथून दुसरा दिसला, तिकडं चालत गेली, तिथंही कुणी नाही. प्रत्येक टॉवरला वॉचमन नसतो, चार-पाचांत एक असतो. तिला कसं कळणार? सगळे दिवे सारखेच. मघाशी म्हणलं ना, लक्षात ठेवा म्हणून.

इथं मला एक माणूस आठवतो, गुस्ताफ डालेन. स्वीडनचा इंजिनिअर. दीपगृहाचे दिवे गॅसवर चालायचे तेव्हा त्यानं एक झडप तयार केली. आत एक काळी दांडी. दिवसा उजेडानं ती तापून किंचित लांब व्हायची आणि गॅस बंद. सूर्य मावळला की आखडायची, गॅस सुरू. दिवा आपोआप संध्याकाळी लागणार, सकाळी विझणार. राखणदाराची गरज नाही. यासाठी त्याला १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी गॅसच्या स्फोटात त्याचे डोळे गेले, आणि तरी तो पुढं काम करत राहिला. मला हा माणूस भारी वाटतो. त्याच्यामुळं किती जहाजं वाचली असतील. पण आजी पहिल्या दोन दिव्यांखाली हाका मारत उभी होती हे ऐकल्यापासून त्याची गोष्ट मला आधीसारखी सांगता येत नाही.

तिच्या कार्डावर नंबर होता, लावला. तिकडं रडारड चालू होती, रात्रभर शोधत होते. पत्ता सांगितला. तोवर मी गॅसवर चहा ठेवला. ती म्हणाली, पूजा झाल्याशिवाय चहा घेत नाही. तिनं तांब्याभर पाण्यानं हातपाय धुतले, पोत्यावर बसली, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे लावून बसली. बाहेर पंखा, घूं... घूं. मी चहा झाकून ठेवला. रोज चार वाजता मी रील बघत असतो. त्या दिवशी नुसता बसून होतो.

नंतर तिनं चहा घेतला, माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी कुत्र्याला दिली. विचारलं, "आई-बाप?" सांगितलं फडावर. म्हणाली, "आमच्या गावातनं बी जातेत." एवढंच. मी दार उशिरा का उघडलं, हे विचारलं नाही. मी पण बोललो नाही.

पाचच्या सुमारास पिकअप आला. मुलगा आणि दोघं. मुलगा माझ्या पाया पडायला लागला, मी मागं सरकलो. आजीनं जाताना टॉवरकडं बघून हात जोडले, मग माझ्याकडं बघून. माझी जुनी चप्पल घालून गेली.

गोष्ट इथं संपली असती तर हा एपिसोड मी खुशाल केला असता आणि तुम्ही म्हणाला असता वा. पण दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आले. खोलीबाहेर खांबावर कॅमेरा आहे, त्याचं रेकॉर्डिंग त्यांनी बघितलं होतं. बाहेरच्या माणसाला आत घेतलं म्हणून मला झापलं. एक दिवसाचा पगार कापला. त्यांच्या जागी तेही बरोबरच असतील, त्यांना वरून विचारणा होते. झापताना त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "बघ, काय केलंस ते बघ."

मी बघितलं. आवाज नसलेला, काळापांढरा व्हिडिओ. कोपऱ्यात वेळ. २:३४ ला ती दारात येते. थाप मारते. खिडकीतला उजेड जातो. ती उजेड गेलेल्या खिडकीकडं बघत उभी राहते. मग सावकाश, दाराला धरून, खाली बसते. एक पाय पुढं ताणते, गुडघा चोळते. कुत्रं येतं, ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते. ठेवते आणि तसाच राहू देते. २:५९ ला दार उघडतं.

पंचवीस मिनिटं. सुपरवायझरनी ती भराभर पुढं ढकलली, त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं म्हणणं दार उघडल्यापासून पुढं सुरू होत होतं.

ते रेकॉर्डिंग आता नसेल, काही दिवसांनी पुसलं जातं. मला बघायला लागत नाही.

त्यानंतर मी काय केलं म्हणाल, तर फार काही नाही. खोलीच्या बाहेर एक माठ ठेवला, त्याला परवानगी लागत नाही. बाहेरचा बल्ब रात्रभर चालू ठेवतो, त्याचं बिल कंपनी देते. कडी अजून लावतो. उद्या परत थाप पडली तर किती वेळात उघडीन ते छातीठोक सांगता येणार नाही. मस्साजोगची ती ओळ अजून डोक्यात आहे, आणि ती खोटी नाही.

आजीचा फोन येतो कधीकधी, मुलाच्या नंबरवरून. कुत्र्याचं विचारते. यंदाच्या कार्तिकीला परत येणार आहे म्हणते, या वेळी गाडीत बसून. चप्पल परत आणणार आहे.

आईला त्याच रात्री नऊच्या फोनवर सांगितलं होतं, अशी अशी आजी आली होती म्हणून. आई म्हणाली, "मग? उघडलंस ना दार?" म्हणलं, हो, उघडलं की. "बरं केलंस," म्हणाली. पंचवीस मिनिटांचं तिला अजून सांगितलेलं नाही. ती पॉडकास्ट ऐकत नाही, तिचा फोन बटणाचा आहे.

चला, सात वाजत आले, दिवसपाळीवाल्याची गाडी दिसायला लागलीय घाटात. तुमच्यापैकी कुणी खांदेरीला जाऊन आलं असेल तर मला सांगा, थळवरून होडी कितीला नेतात ते. पगार झाला की जायचंय.